कुंडी भंडाऱ्याची कुळकथा

बुऱ्हाणपुरात शनवारा दरवाजा सोडून लालबागेकडे निघालं की पुढे जमिनीवर विहिरीच्या कठड्यांसारखी गोल बांधकामं रांगेनं उभी दिसतात. या कुंड्या. सुमारे 80 फूट खाली त्यांना जोडणारा बोगदा आहे. सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी त्यातून शहराकडे येतं. पंप नाही, मोट नाही, फक्त उतार. हाच कुंडी भंडारा. चारशे वर्षांत पाण्यातल्या चुन्याचे पांढरे थर भिंतींवर चढले आहेत.

या विद्येचं कूळ इराणचं. तिथे अशा भुयारी कालव्याला कनात म्हणतात. उतार जास्त झाला तर पाणी बोगदा खरवडतं, कमी झाला तर गाळ बसतो. हा तोल खणणाऱ्यांच्या पिढ्यांनी हातानं शिकून घेतला होता. अकराव्या शतकात करजी या गणितज्ञानं तो ग्रंथात आणला. बीजगणितावर मोलाचं काम केलेल्या या माणसानं भूमिगत पाणी कसं शोधावं, पातळी कशी मोजावी, हे बारकाईनं लिहिलं.

बुऱ्हाणपुरात ही विद्या आली ती अब्दुर्रहीम खानखानान याच्या आश्रयानं. बाबराच्या आठवणी फारसीत आणणारा हा सरदार स्वतः कवी आणि पंडित. इराणी जाणकारांच्या देखरेखीखाली 1615 मध्ये भंडाऱ्याचं काम झालं. त्याच दशकात खानखानानाचा रणांगणावरचा वैरी मलिक अंबर खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहर खोदत होता. फौजा एकमेकांवर चालून जात होत्या. पाण्याची विद्या मात्र दोघांनी एकाच कुळातली घेतली.

पंडिताचं गणित, खणणाऱ्याचा हात आणि ऐकून घेणारा सत्ताधीश, या तिघांची गाठ पडली म्हणून शहराला पाणी मिळालं. खणणारा किंवा सत्ताधीश, यातला एक जरी नसता तरी करजीची विद्या कपाटातच राहिली असती.

2024 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत भंडाऱ्याचं नाव आलं. पण जमिनीत पाणी मुरलं नाही आणि भोवती बोअर खोल जात राहिल्या तर झरे आटतील. भूजलतज्ज्ञ हे सांगू शकतो, बोअर थांबवू शकत नाही. लोकशाहीत खानखानानाची जागा आपली, मतदारांची आहे. जाणकाराचं ऐकून त्याच्यामागे निधी आणि नियम उभे करायचे, हे काम आता आपलं.