श्रेयनामावली आणि अंतराळ

चित्रपटाचा इतिहास आपल्याकडे काय किंवा पाश्चात्य देशांत काय, बहुधा दिग्दर्शकांच्या नावाने लिहिला जातो. कादंबरी जशी कादंबरीकाराची, तसा चित्रपट दिग्दर्शकाचा, हे समीकरण आपल्या मनात इतके रुजले आहे की त्याची शहानिशा करण्याची गरजही आपल्याला वाटत नाही. पण कादंबरीकार एकटा बसून लिहितो आणि चित्रपट शेकडो माणसे मिळून करतात. मग त्या शेकडो माणसांच्या कामाची नोंद इतिहासाने कशी ठेवावी? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ (१९६८) या अंतराळपटाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. एकाच माणसाच्या प्रतिभेचा आविष्कार म्हणून हा चित्रपट जगभर ओळखला जातो. त्याच्या निर्मितीची हकीकत मात्र काही वेगळेच सांगते.

या चित्रपटाची सुरुवातच दोघांच्या सहकार्यातून झाली. सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, स्थायिक झालेले विज्ञानकथाकार आर्थर सी. क्लार्क आणि कुब्रिक यांची १९६४च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्क येथे भेट झाली. क्लार्क यांची ‘द सेंटिनेल’ ही जुनी कथा आधाराला घेऊन दोघांनी आधी कादंबरी रचायची आणि तिच्यावरून पटकथा बेतायची, असे ठरले. कादंबरीवर क्लार्क यांचे नाव आधी आणि पटकथेवर कुब्रिक यांचे आधी, अशी ही वाटणी होती. प्रत्यक्षात कुब्रिक यांनी कादंबरीच्या प्रकाशनाला संमती देण्यास विलंब लावला. ती चित्रपटानंतर, १९६८च्या जुलैमध्ये, एकट्या क्लार्क यांच्या नावाने निघाली. मधल्या काळात क्लार्क यांना आर्थिक ओढाताण सोसावी लागली. श्रेयाचा प्रश्न असा पहिल्या पानापासूनच या निर्मितीला चिकटलेला होता.

चित्रीकरण २९ डिसेंबर १९६५ रोजी इंग्लंडमधील शेपर्टन स्टुडिओत सुरू झाले आणि पुढे बोरहॅमवुड येथील एम.जी.एम.च्या स्टुडिओत गेले. अमेरिकेच्या अंतराळ कार्यक्रमात काम केलेले फ्रेडरिक ऑर्डवे तांत्रिक सल्लागार झाले आणि त्यांचे सहकारी चित्रकार हॅरी लांगे यानांचे आराखडे करू लागले. नेपथ्याची धुरा टोनी मास्टर्स व अर्नेस्ट आर्चर यांच्यासह लांगे यांनी वाहिली, तर छायाचित्रण जेफ्री अन्सवर्थ यांचे होते. ते दुसऱ्या कामासाठी गेल्यावर त्यांचे सहायक जॉन ऑल्कॉट यांनी ते पुढे नेले. व्हिकर्स-आर्मस्ट्राँग या अभियांत्रिकी कंपनीने यानातील निवासाचा भाग म्हणून ३८ फूट व्यासाचे एक प्रचंड फिरते चक्र बांधून दिले. त्यावर सुमारे साडेसात लाख डॉलर खर्च झाले. चित्रपटाचा एकूण खर्च एक कोटी डॉलरच्या पलीकडे गेला आणि त्यातील निम्म्याहून अधिक रक्कम केवळ विशेष दृश्यांवर पडली.

या चक्रात अभिनय करणे ही साधी गोष्ट नव्हती. एका प्रसंगात फ्रँक पूलची भूमिका करणारे गॅरी लॉकवुड यांना वरच्या बाजूला खुर्चीशी बांधून उलटे ठेवलेले असे. डेव्ह बोमन झालेले कीर डुलेआ शिडीवरून खाली उतरत आणि चक्र फिरू लागले की जागच्या जागी चालत राहत. पडद्यावर मात्र ते गोलाकार भिंतीवरून चालत सहकाऱ्याजवळ पोचल्यासारखे दिसतात. कुब्रिक बाहेर बसून दूरचित्रवाणीच्या पडद्यावर हे पाहत व सूचना देत. या दोघा नटांच्या चेहऱ्यांवर भावना दिसत नाहीत, अशी टीका तेव्हा झाली. पण हा कोरडेपणा हेतुपुरस्सर होता. माणसे यंत्रासारखी बोलतात आणि यंत्र माणसासारखे, हा विरोधाभासच या कथेचा कणा आहे. तो उभा करण्यासाठी दोन गुणी नटांनी आपले गुण मुद्दाम झाकून ठेवले. नटाच्या दृष्टीने हा त्याग लहान म्हणता येणार नाही.

तरीही हे नट केवळ सांगितलेले करणारे नव्हते. अखेरच्या प्रसंगात वृद्ध बोमन जेवत असताना काचेचा पेला खाली पडून फुटतो. त्या आवाजाने तो वाकतो, मान वर करतो आणि पलंगावरच्या मरणासन्न वृद्धाकडे त्याचे लक्ष जाते. पेला फुटण्याची ही कल्पना डुलेआ यांची होती. एका वयातून दुसऱ्या वयात जाताना नजर वळायला काही निमित्त हवे, एवढाच त्यांचा साधा विचार होता. आज त्या फुटलेल्या पेल्यावर समीक्षकांनी पानेच्या पाने लिहिली आहेत आणि ती बहुतेक कुब्रिक यांच्या प्रतीकयोजनेविषयी आहेत. तसेच, दोघे अंतराळवीर बंद कक्षात बोलत असताना संगणक त्यांच्या ओठांच्या हालचाली वाचतो, ही कल्पना सहनिर्माते व्हिक्टर लिंडन यांनी सुचवली होती.

त्या संगणकाची, म्हणजे हॅल ९०००ची, कथा तर याहून उद्बोधक आहे. चित्रीकरणाच्या वेळी हॅलची वाक्ये सहायक दिग्दर्शक डेरेक क्रॅकनेल आपल्या अस्सल लंडनी बोलीत वाचून दाखवत. नंतर अमेरिकन नट मार्टिन बाल्सम यांच्याकडून सगळे संवाद ध्वनिमुद्रित करून घेतले गेले. त्यांच्या आवाजाला अमेरिकन बोलीचा फार वास येतो असे कुब्रिक यांना वाटले आणि ते ध्वनिमुद्रण बाद झाले. कॅनडाच्या रंगभूमीवरील नट डग्लस रेन यांना कुब्रिक यांनी आधी निवेदनासाठी बोलावले होते, कारण ‘युनिव्हर्स’ (१९६०) या कॅनेडियन माहितीपटातील त्यांचे निवेदन कुब्रिक यांना आवडले होते. पुढे निवेदनच वगळले गेले आणि रेन यांच्या वाट्याला हॅल आला. ज्यांच्याशी हॅल बोलतो, त्या नटांपैकी कोणीही समोर नसताना, दीड-दोन दिवसांत रेन यांनी ते काम संपवले. कसलाही चढउतार नसलेला तो सौम्य स्वर पुढे जगातल्या प्रत्येक बोलक्या यंत्राचा मूळपुरुष ठरला. हॅल मरताना जे ‘डेझी बेल’ गाणे गातो, तेही कोणाच्या तरी श्रमाची आठवण आहे. १९६१ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत एका संगणकाकडून तेच गाणे गाऊन घेतले होते आणि क्लार्क यांनी ते तिथे ऐकले होते.

चित्रपटाच्या पहिल्या भागातील आदिमानव पाहताना त्या कातड्यांच्या आत कोण आहे, हा प्रश्न प्रेक्षकांना पडतच नाही, आणि तेच त्या कलावंतांचे यश आहे. डॅन रिक्टर या मूकाभिनय करणाऱ्या अमेरिकन कलावंताने वानरांच्या चित्रफिती अभ्यासल्या, प्राणिसंग्रहालयात जाऊन गोरिलाचे निरीक्षण केले, आपली टोळी निवडली आणि तिला महिनोन्‌महिने शिकवले. टोळीच्या नायकाची, मूनवॉचरची, भूमिका त्यांनी स्वतः केली. स्टुअर्ट फ्रीबॉर्न यांनी घडवलेल्या मुखवट्यांतून ओठ मागे सरत, दात दिसत, जीभ हलत असे. आफ्रिकेतील भूप्रदेशाची मोठी पारदर्शक छायाचित्रे मागच्या पडद्यावर टाकून हा भाग स्टुडिओतच चित्रित झाला. मूनवॉचर हाडाने सांगाडा फोडतो ते दृश्य मात्र उघड्या आभाळाखाली घेतले गेले. श्रेयनामावलीत रिक्टर यांचे नाव मानाच्या जागी आहे. फ्रीबॉर्न यांचेही आहे. पण १९६९च्या ऑस्कर सोहळ्यात रंगभूषेचा खास सन्मान झाला तो ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ या दुसऱ्याच चित्रपटाच्या जॉन चेंबर्स यांचा. ‘२००१’मधली वानरे लोकांना खरी वाटली म्हणून असे झाले, अशी क्लार्क यांची थट्टा प्रसिद्ध आहे.

विशेष दृश्यांच्या श्रेयाचा प्रश्न मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नाही. दोनशेहून अधिक दृश्ये हातांनी, एकेका चौकटीने सिद्ध झाली. हॅलच्या पडद्यांवर झरझर सरकणारे आकडे आणि आकृत्यासुद्धा संगणकाने काढलेल्या नाहीत. त्या हाताने रेखाटून, चित्रित करून पडद्यांमागून प्रक्षेपित केल्या आहेत. अखेरच्या प्रकाशप्रवाहासाठी डग्लस ट्रम्बुल यांनी एक यंत्रणा उभारली. अरुंद फटीमागे प्रकाशित चित्र सरकत राही आणि झडप उघडी ठेवलेला कॅमेरा त्या फटीकडे हळूहळू जात असे. एक चौकट पुरी व्हायलाही बराच वेळ लागे. कामावर आले तेव्हा ट्रम्बुल २३ वर्षांचे होते, आणि या युक्तीचे बीज जॉन व्हिटनी यांच्या प्रयोगांत असल्याचे ते मोकळेपणाने सांगत. श्रेयनामावलीत वॉली व्हीव्हर्स, ट्रम्बुल, कॉन पेडरसन आणि टॉम हॉवर्ड अशी चार नावे आहेत, पण त्यांच्याआधी विशेष दृश्यांचे संकल्पक व दिग्दर्शक म्हणून कुब्रिक यांचे नाव येते. ऑस्कर पारितोषिक मिळाले ते एकट्या कुब्रिक यांना. चार जणांची नावे नियमात बसत नव्हती, असा खुलासा पुढे केला गेला. कुब्रिक यांना आयुष्यात मिळालेले हे एकमेव ऑस्कर, आणि तेही दिग्दर्शनासाठी नव्हे, याची खंत ट्रम्बुल यांना दीर्घकाळ होती. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले.

संगीताचीही अशीच कथा. ‘स्पार्टाकस’चे संगीतकार ॲलेक्स नॉर्थ यांनी या चित्रपटासाठी संगीत रचले, ध्वनिमुद्रितही केले. आपले सारे संगीत गाळले आहे, हे त्यांना कळले ते चित्रपट पाहताना. तिकडे हंगेरियन संगीतकार ग्योर्गी लिगेती यांच्या रचना चित्रपटात वापरल्या गेल्या, त्यांपैकी एकीत तर फेरफारही झाला. त्यावरून वाद कायद्यापर्यंत पोचला. एकाला न सांगता वगळले आणि दुसऱ्याला न विचारता घेतले, असा हा दुहेरी अन्याय.

याच सुमारास आपल्या देशातील एका थोर दिग्दर्शकाला श्रेयाच्या या प्रश्नाची दुसरी बाजू अनुभवावी लागली. सत्यजित राय यांनी परग्रहवासीयावरील ‘द एलियन’ या आपल्या नियोजित चित्रपटाची कल्पना क्लार्क यांच्या कानावर घातली. क्लार्क यांच्याकडून ती त्यांचे सिलोनमधील सहकारी माइक विल्सन यांच्यापर्यंत गेली. विल्सन यांनी हॉलिवुडशी बोलणी सुरू केली, पीटर सेलर्स यांचे नावही निघाले. मात्र राय यांनी एकट्याने लिहिलेल्या पटकथेच्या प्रतींवर स्वामित्वहक्काच्या ओळीत विल्सन यांचेही नाव छापलेले राय यांना आढळले. तो चित्रपट कधीच झाला नाही. राय यांनी १९८० मध्ये या प्रकरणाची सविस्तर हकीकत प्रसिद्ध केली. बोरहॅमवुडमध्ये काम केलेल्यांची नावे मागे पडली आणि इथे न केलेल्या कामावर नाव चढले. दोन्हींचे मूळ एकच आहे. नाव आणि श्रम यांचा सांधा निखळला की लेखनाला आणि कलेला धनी उरतो तो हक्कपत्राचा, हातांचा नव्हे.

याचा अर्थ कुब्रिक यांचे मोठेपण खोटे, असा मात्र नव्हे. बाल्सम यांचा आवाज बाद करून रेन यांचा घेणे, निवेदन गाळणे, नॉर्थ यांच्या संगीताऐवजी योहान स्ट्राउस यांचे वॉल्ट्झ ठेवणे, २ एप्रिल १९६८च्या पहिल्या खेळानंतर सुमारे १९ मिनिटांचा भाग कापून टाकणे, हे निर्णय दुसऱ्या कोणी घेतले नसते, आणि ते न घेतले असते तर हा चित्रपट आजचा चित्रपट झाला नसता. निवड ही देखील निर्मितीच आहे. पण निवडणाऱ्याचे ऋण मान्य करताना, ज्यातून निवडले ते घडवणाऱ्यांचे ऋण फिटत नाही. इतिहासकाराला दोन्ही खाती वेगवेगळी मांडावी लागतात.

चित्रपटाचे अखेरचे चित्र आठवावे. पृथ्वीकडे पाहणारे ते विशाल नेत्रांचे तारकाबालक. विसाव्या शतकाच्या दृश्यस्मृतीत ज्या मोजक्या प्रतिमा कायमच्या कोरल्या गेल्या, त्यांत तिची गणना होते. ते बालक लिझ मूर या तरुण शिल्पकार स्त्रीने घडवले होते. पुढे ‘स्टार वॉर्स’मधील सी-थ्रीपीओ या यंत्रमानवाच्या घडणीतही त्यांचा हात होता. तो चित्रपट प्रदर्शित होण्याच्या आदल्या वर्षी, १९७६ मध्ये, त्यांचे अकाली निधन झाले. ‘२००१’च्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव नाही. चित्रपट संपताना पडद्यावर राहतो तो त्यांच्या हाताचा ठसा, आणि पाठोपाठ सरकू लागतात ती इतरांची नावे.