शेजाऱ्याच्या विहिरीवरचा मळा

मंडळी, मळा आपला आणि विहीर शेजाऱ्याची, हा व्यवहार तुम्हांला नवा नाही. शेजाऱ्याची मर्जी असेतोवर पाणी मिळते. संगणकाच्या जगातही असा एक व्यवहार झाला, त्याची हकीकत ऐका.

१९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ ही आज्ञावली लिहायला घेतली. आज्ञावली म्हणजे संगणकाने काय करायचे त्याचा लेखी हुकूमच म्हणा ना! पुढल्याच वर्षी ती मुक्त झाली. मुक्त म्हणजे नुसती फुकट नव्हे, बरं का. कोणीही वाचावी, सुधारावी, दुसऱ्यास द्यावी. देशोदेशींहून दुरुस्त्या येऊ लागल्या. कोणी, केव्हा, कोणती ओळ बदलली याची वही ठेवता ठेवता टोरवाल्ड्स मेटाकुटीला आले.

२००२ साली त्यांनी एका अमेरिकन कंपनीचे ‘बिटकीपर’ हे वही ठेवण्याचे साधन घेतले. पैसे पडत नव्हते, पण अट होती: वापरणाऱ्याने तसले दुसरे साधन बनवायचे नाही. मुक्त आज्ञावलींच्या चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी नापसंती दर्शविली. टोरवाल्ड्स म्हणत, साधन उत्तम आहे, काम होते आहे. आणि काम झपाट्याने होतही होते, हे नाकारून चालणार नाही. हंगामात मोट चालू असताना विहिरीचा सातबारा कोण पाहतो?

पुढे ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी त्या वहीतला मजकूर बाहेर काढू शकेल असे मुक्त साधन करायला घेतले. त्यांची युक्ती ऐकून हसू येईल. बिटकीपरच्या यंत्राशी जोडणी करून त्यांनी ‘मदत’ या अर्थाचा एकच इंग्रजी शब्द टाइप केला. यंत्राने आपल्या हुकमांची यादीच पुढे केली! कंपनीचा पारा चढला. २००५ च्या एप्रिलात फुकट वापर बंद झाल्याचे जाहीर झाले. टोरवाल्ड्सही आधी ट्रिजेल यांच्यावरच रागावले. मग ३ एप्रिलला त्यांनी स्वतःच ‘गिट’ हे नवे साधन लिहायला घेतले. ७ तारखेला गिट स्वतःचीच वही ठेवू लागले आणि जूनमध्ये लिनक्सची नवी आवृत्ती त्यावरून निघाली. गिटमध्ये प्रत्येक कामकऱ्याजवळ पुऱ्या वहीची नक्कल असते. बिटकीपरही २०१६ साली मुक्त झाले, पण तोवर गिऱ्हाईक पांगले होते.

आता गंमत पाहा. २००८ साली ‘गिटहब’ ही खासगी पेढी निघाली आणि हजारो मुक्त प्रकल्प आपणहून तिच्या दारी गेले. वहीची नक्कल घरी राहिली. तक्रारी, चर्चा, सल्ले मात्र पेढीच्या वाड्यात साठले. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती ७५० कोटी डॉलरांना घेतली. २०१९ मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांपायी इराण, सीरिया, क्रिमिया येथल्या लोकांची तिथली खासगी दप्तरे अडली. इराणपुरती ती अडचण २०२१ मध्ये दूर झाली, तीही अमेरिकन सरकारचा परवाना मिळाल्यावर.

लिनक्सची एक नक्कल गिटहबवरही आहे. मूळ वही मात्र त्यांच्या स्वतःच्या जागी असते, आणि दुरुस्त्या अजून टपालानेच येतात. विजेच्या टपालाने, एवढेच.