हवेतले व्हायोलिन

लहानपणी आमच्या घरी व्हॉल्व्हचा एक जुना रेडिओ होता. संध्याकाळी वडील बातम्या लावावयास बसले की, काटा नेमक्या जागी येण्याआधी त्यातून एक लांब शीळ निघे. ती वर चढे, एकाएकी खाली घसरे आणि स्टेशन लागले की नाहीशी होई. बातम्यांत आम्हा मुलांना कसला रस! आम्ही त्या शिळेचीच वाट पाहात असू. आई मात्र वैतागून म्हणे, "बंद करा हो ते. दिवेलागणीच्या वेळी भूत रडल्यासारखं वाटतं."

त्या भुताला कोणी गावयास शिकविले असेल, असे माझ्या स्वप्नातही आले नव्हते. पण दोनतीन वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी दिवाळीत भेटावयास आला आणि खिशातला फोन काढून त्याने मला एक ध्वनिमुद्रण ऐकविले. राखमानिनॉव्ह या रशियन संगीतकाराचे 'व्होकलाइझ' नावाचे एक शब्दविरहित गीत आहे, ते होते. पियानोच्या मंद साथीवर कोणी बाई नुसत्या स्वरांत गात होती. स्वर किंचित थरथरणारा, भरीव, आणि श्वास कोठे घेते ते कळू न देणारा.

"कोण गाते आहे?" मी विचारले.

तो हसला. म्हणाला, "सर, कोणी गात नाही. ते वाद्य आहे. आणि वाजवणाऱ्या बाईंनी त्याला हातसुद्धा लावलेला नाही."

त्या बाई म्हणजे क्लारा रॉकमोर, आणि ते वाद्य म्हणजे थेरेमिन. तेव्हापासून या बाईंनी माझ्या मनात जे घर केले आहे, ते काही सुटत नाही.

वाद्याची मूळ कल्पना आमच्या रेडिओच्या शिळेतच आहे. लेव्ह तेरमेन हा सेंट पीटर्सबर्गचा तरुण पदार्थविज्ञानज्ञ. शिवाय चेलो शिकलेला. १९२० च्या सुमारास प्रयोगशाळेत वायूंचे विद्युत्‌गुणधर्म मोजण्याचे यंत्र करीत असता, हात जवळ नेला की यंत्रातून निघणारा सूर बदलतो, हे त्याच्या ध्यानी आले. दुसरा एखादा यंत्राचा दोष म्हणून तो काढून टाकता. तेरमेनच्या आतला चेलोवादक जागा होता. त्याने दोन विद्युत्‌कंपने घेतली, दोन्ही इतकी जलद की माणसाच्या कानाला ऐकू येऊ नयेत. एक स्थिर ठेविले आणि दुसरे एका उभ्या धातूच्या दांड्याला जोडले. दांड्याजवळ हात नेला की दुसऱ्याची गती किंचित बदलते, आणि दोहोंत जो फरक पडतो तो सूर होऊन ऐकू येतो. हात जवळ नेला की सूर चढतो, दूर नेला की उतरतो. डाव्या बाजूला एक आडवे कडे असते. डावा हात त्याच्याजवळ नेला की आवाज दबतो, उचलला की मोकळा होतो. बस्स. ना तार, ना पट्टी, ना भाता. १९२२ साली तेरमेनने हे वाद्य क्रेमलिनमध्ये खुद्द लेनिनला दाखविले, आणि लेनिननेही त्यावर ग्लिंका या संगीतकाराची एक चीज वाजवून पाहिली.

आता क्लाराकडे वळू.

तिचा जन्म ९ मार्च १९११ चा, व्हिल्ना शहरातला. ते तेव्हा रशियन साम्राज्यात होते. आज विल्नियस म्हणून लिथुएनियाची राजधानी आहे. कुटुंब ज्यू, आडनाव रायझेनबर्ग. थोरली बहीण नादिया पियानोवर तयार होत होती आणि धाकटी क्लारा व्हायोलिनवर. जेमतेम चारपाच वर्षांची असताना पेट्रोग्राडच्या संगीतविद्यालयात तिला प्रवेश मिळाला. इतके लहान मूल त्या विद्यालयाने पूर्वी घेतले नव्हते. गुरू मिळाले लिओपोल्ड आउअर. ज्यांच्या हाताखालून हायफेट्झसारखा वादक तयार झाला ते.

पण पुढे क्रांती झाली, यादवी माजली. भाकरीचे वांधे झाले. कुटुंबाने देश सोडला, वाटेत दोघी बहिणींनी जलसे करून प्रवासाची बेगमी केली, आणि १९२१ च्या अखेरीस ही मंडळी न्यूयॉर्कला उतरली. आउअरही तोवर तेथेच आले होते. तुटलेला धागा पुन्हा जुळला. आता ही मुलगी मोठी व्हायोलिनवादिका होणार, याविषयी कोणास शंका उरली नव्हती.

आणि तिचा उजवा हात दुखू लागला. उपासमारीच्या वर्षांत वाढत्या हाडांना जे मिळावयास हवे होते ते मिळाले नव्हते, असे सांगतात. गज ओढण्याचा हात तो, तोच गेला. विशीही न गाठलेल्या मुलीला व्हायोलिन खाली ठेवावे लागले.

येथे मी जरा थांबतो, कारण या ठिकाणी मला माझेच काही आठवते. मी काही क्लारा नव्हे. पण चौदाव्या वर्षापर्यंत मी गात असे, आणि बरे गात असे. मग आवाज फुटला, तो पुन्हा धड जुळला नाही. आमच्या गुरुजींनी चार महिने वाट पाहिली आणि एके दिवशी मायेनेच सांगितले, "बाळ, उद्यापासून नाही आलास तरी चालेल." त्या दिवशी घरी जाताना रस्ता किती लांब वाटला होता! पुढे मी मास्तर झालो, कादंबऱ्या लिहिल्या. वाचणारे म्हणतात, तुमची वाक्ये मोठ्याने वाचली तर अधिक बरी लागतात. मी काही बोलत नाही. असो.

तेरमेन १९२७ च्या डिसेंबरात अमेरिकेत आला होता. त्याची आणि क्लाराची गाठ पडली तेव्हा ती सतराअठरा वर्षांची, तो तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठा. तो तिच्यावर पुरता भाळला. तिच्या अठराव्या वाढदिवसाला त्याने असा केक केला की, कोणी जवळ गेले की तो आपला आपण फिरू लागे आणि त्यावर दिवा उजळे. लग्नाविषयीही त्याने विचारले, एकदा नव्हे, अनेकदा. तिने नकार दिला आणि १९३३ च्या सुमारास रॉबर्ट रॉकमोर या वकिलाशी लग्न केले. माणूस तिने नाकारला, वाद्य मात्र ठेवून घेतले. यात हिशेबीपणा दिसेल कोणाला. मला दिसत नाही. तिला गज न धरता वाजविता येईल असे काहीतरी हवे होते, आणि जगात तसे एकच वाद्य होते.

ते काय योग्यतेचे होते, ते मात्र ध्यानात घ्यावयास हवे. १९२९ साली आर. सी. ए. कंपनीने थेरेमिन बाजारात आणिले. ज्याला गुणगुणता येते त्याला हे वाजविता येईल, अशा अर्थाच्या जाहिराती केल्या. जेमतेम पाचशे नग तयार झाले. एक तर त्याच शरद ऋतूत शेअरबाजार कोसळला. आणि दुसरे म्हणजे, ते कोणालाच वाजविता येईना. येईल कसे? बोट टेकावयास जागा नाही. हात सुतभर हलला की सूर बिघडतो. नुसते अंग डोलले तरी बिघडतो. खोली बदलली, हवा बदलली, की कालच्या जागा आज चुकतात. पेटीवर निदान काळ्या-पांढऱ्या पट्ट्या समोर दिसतात. येथे सगळा आधार कानाचा.

पेटीवरून आठवले. आपल्याकडे १९४० साली नभोवाणीने पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. आक्षेपांतला एक असा की, तिच्यात मींड निघत नाही. ती एका सुरावरून दुसऱ्यावर उडी मारते. थेरेमिनचे दुखणे नेमके उलटे. त्याच्यात मींडेवाचून दुसरे काही निघतच नाही. 'सा'वरून 'प'वर जावयाचे तर मधला सारा रस्ता ऐकवीत जावे लागते. आपल्या कानाला हे वरदान वाटेल. पण क्लाराला वाजवावयाचे होते पाश्चात्त्य अभिजात संगीत. तेथे स्वर मोत्यासारखा सुटा हवा. सतत घसरणाऱ्या नादातून सुटे स्वर वेचावयाचे, हेच तिच्यापुढचे कोडे होते.

ते तिने ज्या रीतीने सोडविले, त्यात तिचे सारे कर्तृत्व आहे. तिने हवेत व्हायोलिनची बोटे बसविली. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी जुळवून मूठ अर्धी मिटावयाची, आणि मग एकेक बोट मापाने उघडावयाचे. प्रत्येक उघडणीला एक स्वर ठरलेला. हात जागचा न हलविता पुष्कळ अंतर नुसत्या बोटांनी कापता येऊ लागले. दोन स्वरांमधला घसरता भाग नको असेल तेथे डाव्या हाताची बोटे कड्यावर क्षणभर खाली आणून आवाज मिटवावयाचा आणि पुढच्या स्वरावर उघडावयाचा. म्हणजे गजाचे काम डाव्या हाताकडे गेले! शिवाय तिने तेरमेनला खनपटीस बसून स्वतःसाठी वेगळे वाद्य करवून घेतले. सप्तके तीनाच्या आसपास होती ती पाच केली, डाव्या हाताला आवाज चटकन साथ देईल असे केले, आणि पेटारा बुटका केला, वादक त्याच्यामागे झाकला जाऊ नये म्हणून. शोध तेरमेनचा खरा. पण शोधाचे वाद्य झाले ते या मुलीच्या हट्टाने.

३० ऑक्टोबर १९३४ रोजी न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये तिचा स्वतंत्र जलसा झाला. नवल पाहावयास आलेल्या लोकांसमोर तिने चमत्कार केले नाहीत. व्हायोलिनसाठी लिहिलेले गंभीर संगीत वाजविले. पुढे पॉल रॉबसन या थोर कृष्णवर्णी गायकाबरोबर तिने अमेरिकाभर दौरे केले. क्लाराबाईंचे पती रॉबसनचे वकील होते, तो धागाही त्यात होता. २६ फेब्रुवारी १९४५ रोजी अनीस फुलेहान या संगीतकाराने थेरेमिनसाठी रचलेला कॉन्चेर्टो स्टोकॉव्स्कीच्या दिग्दर्शनाखाली त्यांनी प्रथम वाजविला. एखाद्या वादकाच्या आयुष्यात याहून मोठा दिवस कोणता!

परंतु या दिवसाला पुढचे दिवस लाभले नाहीत.

तेरमेन १९३८ सालीच अमेरिकेतून निघून गेला होता. मायदेशी त्याला अटक झाली, कोलिमाच्या छावणीत धाडले गेले, आणि मग कैदी शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत बसवून त्याच्याकडून हेरगिरीची यंत्रे करविली गेली. मॉस्कोतील अमेरिकन वकिलाला १९४५ साली भेट दिलेल्या लाकडी राजमुद्रेत लपविलेले चोरकान त्यानेच केलेले. ते सात वर्षे कोणास सापडले नाही. हात न लावता गाणारे यंत्र करणाऱ्याने हात न लावता ऐकणारे यंत्र केले. इकडे थेरेमिन सिनेमात शिरले. १९४५ च्या 'स्पेलबाउंड'मध्ये भ्रमिष्टाचे मन दाखविण्यास, १९५१ च्या 'द डे द अर्थ स्टुड स्टिल'मध्ये परग्रहावरचा पाहुणा आणण्यास ते वाजले. वाजविणारे सॅम्युएल हॉफमन हे गृहस्थ व्यवसायाने पायांचे डॉक्टर होते, आणि वादकही चांगले होते. त्यांना मी नावे ठेवणार नाही. पण लोकांच्या कानात थेरेमिन म्हणजे भूत हे समीकरण बसले ते बसलेच. माझ्या आईने दिवेलागणीला जे म्हटले तेच हॉलीवुडने म्हटले. क्लाराबाई त्या वाटेला गेल्या नाहीत. मैफली हळूहळू आटल्या.

त्यांच्यावर एक आक्षेप घेतात, आणि तो वावगा नाही. एडगार व्हारेझसारखे संगीतकार नव्या विद्युत्‌वाद्यांकडून पूर्वी कोणी न ऐकलेला नाद मागत होते. त्याने १९३४ साली 'एक्वाटोरियाल'मध्ये तेरमेनच्याच कारखान्यातील वाद्ये योजिली. आणि क्लाराबाई? सँ-साँचा 'हंस', चायकॉव्स्की, राखमानिनॉव्ह. उद्याचे वाद्य हाती असताना त्यांनी कालचे संगीत वाजविले, असे म्हणतात. मला वाटते, आक्षेप घेणारांना त्या काय करीत होत्या तेच कळले नाही. त्या थेरेमिन वाजवीतच नव्हत्या. पेट्रोग्राडला सुरू झालेले आणि न्यूयॉर्कला हातातून निसटलेले व्हायोलिन त्या वाजवीत होत्या, शेवटपर्यंत. वाद्याचा संसार त्यामुळे वाढला नाही, हे खरेच. पण नवेपणाच्या हौसेने आलेले पाचशे ग्राहक वाद्य अडगळीत टाकून मोकळे झाले, आणि जिला त्यावाचून गती नव्हती तिनेच त्याला सुरात ठेविले.

१९६२ साली क्लाराबाई मॉस्कोला गेल्या असता तेरमेनची गाठ पडली. तीही लपतछपत, कारण परदेशी माणसाशी बोलणे त्याला धोक्याचे होते. पुढच्या वर्षी त्यांचे पती वारले. मग कितीएक वर्षे गेली. अखेर रॉबर्ट मूग पुढे आले. सिंथेसायझरने जगाचे संगीत पालटणारे हेच ते मूग, पण पोरवयात त्यांनी थेरेमिन बनवून विकण्यापासून सुरुवात केली होती. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने १९७५ साली क्लाराबाईंचे वादन मुद्रित केले आणि १९७७ साली ते तबकडीवर आले. तेव्हा त्यांचे वय सहासष्ट. आज लिडिया कावीना, कॅरोलिना आइक यांच्यासारख्या वादिका आहेत. आइकने तर बोटांची आपली वेगळी पद्धत बसविली आहे. पण त्यांतल्या प्रत्येकीला आधी ती तबकडी ऐकावी लागली असणार, असे मी धरून चालतो.

तेरमेन १९९१ मध्ये, पंचाण्णव वर्षांचा होऊन, न्यूयॉर्कला आला आणि क्लाराबाईंना भेटला. त्यांच्यावरील चित्रपटात ती दोन वृद्ध माणसे दिसतात. १९९३ च्या नोव्हेंबरात तो गेला, १० मे १९९८ रोजी क्लाराबाई गेल्या.

या दिवाळीतही माझा विद्यार्थी येऊन गेला. मी त्याला तेच ध्वनिमुद्रण पुन्हा लावावयास सांगितले, आणि या खेपेस थेरेमिनऐवजी साथीच्या पियानोकडे कान दिला. सूर जेथे लांबतो तेथे पियानो थांबून राहतो, घाई करीत नाही. पुढचा स्वर हवेत सापडेपर्यंत वाट पाहतो. पियानोवर कोण आहे, असे विचारल्यावर त्याने नाव वाचून दाखविले. नादिया रायझेनबर्ग. वाटखर्चासाठी धाकट्या बहिणीबरोबर गावोगाव जलसे करीत निघालेली थोरली.