बुलढाणा जिल्ह्यातील शहरी भूजल : जड धातूंचे मूल्यमापन

शहरातील विहिरी, बोअर व हातपंप यांच्या पिण्याच्या पाण्यात शिसे, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, मँगनीज इत्यादी धातू किती आहेत, ते कोठून आले आणि पिणाऱ्याला किती अपायकारक आहेत, हे ठरविण्याची पद्धत. आर्सेनिक व सेलेनियम हे काटेकोरपणे धातू नसले तरी विषारीपणामुळे त्यांचाही यात समावेश होतो.

जिल्ह्यातील शहरांना मुख्यतः धरणांतून नळपाणी मिळते. टंचाईच्या काळात भिस्त बोअरवर येते. दक्षिणेकडील बुलढाणा, चिखली व मेहकर ही शहरे बेसाल्ट खडकावर वसली आहेत. या खडकात तांबे, जस्त, निकेल व क्रोमियम निसर्गतःच असतात, म्हणून धातू आढळला की कारखान्याकडे बोट दाखविणे घाईचे ठरते. उत्तरेकडे शेगाव पूर्णा नदीच्या गाळाच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात (खाऱ्या भूजलाच्या पट्ट्यात) येते. तेथील पाण्यातील क्लोराइड कॅडमियमला विरघळलेल्या स्थितीत टिकवते आणि लोखंडी नळ व शिसे असलेले पितळी जोडही कुरतडते. त्यामुळे घरच्या नळात सापडलेले शिसे भूजलातलेच असेल असे नाही.

नमुना घेण्यापूर्वी बोअरमधील साचलेले पाणी उपसून टाकतात. विरघळलेले धातू मोजायचे असल्यास पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून आम्लाने धुतलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीत भरतात आणि सामू २ पेक्षा कमी होईपर्यंत नायट्रिक आम्ल घालतात. एरवी धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात. पावसाळ्याआधी व नंतर अशी किमान दोनदा तपासणी हवी. खाऱ्या पाण्यात आणखी एक अडचण येते. धातू मोजणाऱ्या आयसीपी-एमएस यंत्रातील आरगॉन (४०) व पाण्यातील क्लोरीन (३५) यांच्या संयोगाचे वस्तुमान ७५ भरते आणि आर्सेनिकचेही तेवढेच असते. ही बाधा दूर न केल्यास नसलेले आर्सेनिक दिसू लागते. खारपाणपट्ट्यातील अहवाल वाचताना हे आधी पाहावे.

पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० : २०१२ या भारतीय मानकानुसार प्रतिलिटर शिसे ०.०१, कॅडमियम ०.००३, निकेल ०.०२, एकूण क्रोमियम ०.०५ व सेलेनियम ०.०१ मिलिग्रॅम या मर्यादा आहेत. अनेक धातूंचा एकत्रित प्रदूषण निर्देशांकही काढतात. १०० हा त्याचा धोक्याचा अंक. यात मर्यादा जितकी कडक तितके वजन जास्त, आणि येथेच फसगत होते. केवळ शिसे व कॅडमियम यांचा हिशेब केला, शिसे मर्यादेच्या दीडपट असले आणि कॅडमियम मुळीच नसले, तर निर्देशांक ३५ च्या आसपास येतो. पाणी मात्र पिण्यायोग्य नसते. म्हणून प्रत्येक धातूचा आकडा स्वतंत्रपणेही द्यावा लागतो. आरोग्याचा धोका दररोजचे पाणी व शरीराचे वजन यांवरून काढतात. वजनाच्या मानाने मुले अधिक पाणी पितात, म्हणून त्यांचा धोका वेगळा मोजतात. पाणी उकळल्याने धातू जात नाहीत; वाफ गेल्यामुळे त्यांचे प्रमाण किंचित वाढते.

जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले, तेव्हा पहिला संशय पाण्यावरच गेला. तपासणीत नायट्रेट व क्षार जास्त आढळले. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या रक्तात, लघवीत व केसांत सेलेनियम वाढल्याचे नोंदवून त्याचा संबंध शिधावाटपाच्या गव्हाशी जोडला. अशा प्रसंगी पाण्याबरोबरच धान्य आणि रुग्णांचे जैविक नमुने एकाच वेळी तपासावे लागतात.