काळें घर आणि पांढरें घर

उत्तरेकडील देशांत घराची खरी परीक्षा हिवाळा घेतो. स्कॉटलंडच्या वायव्येस अटलांटिक महासागरांत लुईस नांवाचें बेट आहे. तेथें डिसेंबरांत दिवस जेमतेम साडेसहा तासांचा असतो. समुद्रावरील वादळी वाऱ्यापुढें झाडें टिकत नाहींत; म्हणून पूर्वीं छपरासाठीं वासा हवा असल्यास लाटांनीं किनाऱ्यावर आणून टाकलेलें लांकूड शोधावें लागे. अशा भूमीवर थोड्या एकरांचा तुकडा कसून, एक-दोन गाई आणि मेंढ्या पाळून राहणाऱ्या छोट्या कुळास क्रॉफ्टर म्हणत. त्याच्या घरास पुढें ‘काळें घर’ असें नांव पडलें. हें घर इतकीं वर्षें काळें कां राहिलें, हा प्रश्न दिसावयास घरबांधणीचा आहे; वस्तुतः तो हक्काचा आहे.

काळ्या घराची रचना अडाणीपणाची नव्हती. चुन्यावांचून रचलेल्या दगडांच्या दोन भिंती आणि त्यांच्यामध्यें ठासून भरलेली माती, अशी ती जाड भिंत असे. छप्पर भिंतीच्या बाहेर न काढतां आंतल्या कडेवरच टेकवीत. त्यामुळें तें उचलावयास वाऱ्याला जागाच सांपडत नसे. वरील गवत दोऱ्यांनीं आवळून त्यांच्या टोकांस दगड बांधीत. घराच्या मध्यभागीं जमिनीवर पीटचा विस्तव अहोरात्र धुमसे. पीट म्हणजे दलदलींत हजारों वर्षें कुजून घट्ट झालेला वनस्पतींचा थर. तो उन्हाळ्याच्या आरंभीं कापून, वाळवून दाराशीं रचून ठेवीत. धुरांडें नसे. धूर छपरांतूनच झिरपत बाहेर जाई आणि गवताला काजळी धरे. ही काजळीहि वायां जात नसे. जुनें काजळलेलें गवत उतरवून तें शेतांत खत म्हणून पसरीत.

त्याच छपराखालीं एका टोकास गाई बांधलेल्या असत आणि त्यांची ऊब माणसांस मिळे. हिवाळाभर सांचलेलें शेण वसंतांत गोठ्याकडील भिंतीस खिंडार पाडून बाहेर काढीत व भिंत पुन्हां रचीत. लांबच लांब रात्रीं बायका लोंकर पिंजीत, सूत कांतीत. पुरुष जाळीं सांधीत, दोऱ्या वळीत. शेजारी जमत आणि विस्तवाभोंवतीं गेलिक भाषेंतील गाणीं व कथा रंगत. मात्र या उबेची किंमत डोळ्यांना आणि छातीला द्यावी लागे. विसाव्या शतकाच्या आरंभीं बेटावर क्षय फैलावला, तेव्हां डॉक्टरांनीं या घरांकडेच बोट दाखविलें.

बाहेरून येणारा प्रवासी विचारी, हे लोक खिडकी कां पाडीत नाहींत, धुरांडें कां बांधीत नाहींत? याचें उत्तर बव्हंशीं जमिनीच्या पट्ट्यांत होतें. बहुतेक क्रॉफ्टरांस जमीन वर्षाच्या बोलीनें मिळे. कुळानें स्वतःच्या हातांनीं घर बांधावें, खडकाळ जमीन लागवडीस आणावी, आणि ती सुधारली कीं मालकानें खंड वाढवावा अथवा कुळास हुसकून द्यावें, ही धास्ती सदैव असे. मेंढ्यांच्या कुरणांसाठीं हायलँड प्रदेशांतील गांवेंच्या गांवें उठविलेलीं त्यांनीं पाहिलीं होतीं. ज्याला पुढल्या हिवाळ्याची शाश्वती नाहीं, तो खिडकीला कांच कशासाठीं बसवील?

१८४४ सालीं जेम्स मॅथेसन यांनीं लुईस बेट विकत घेतलें. त्यांची संपत्ति चीनशीं चाललेल्या व्यापारांतून, विशेषतः अफूच्या व्यापारांतून, आलेली होती. त्या अफूचा मोठा भाग मुंबई बंदरांतून जाई आणि सर जमशेटजी जीजीभाई हे मॅथेसन यांच्या पेढीचे मुंबईतील निकटचे सहकारी होते. १८४६ पासून बटाट्याचें पीक रोगानें बुडालें, तेव्हां मॅथेसन यांनीं लोकांस धान्य पुरविलें. परंतु पुढें त्यांच्याच अमदानींत दोन हजारांहून अधिक माणसें बेट सोडून कॅनडास गेलीं. मालक उदार असला तरी औदार्य म्हणजे हक्क नव्हे.

१८८२ सालीं शेजारच्या स्काय बेटावर ब्रेज येथें कुळें आणि पोलीस यांची झटापट झाली. दुसऱ्याच वर्षीं सरकारनें चौकशी मंडळ नेमलें. त्याचे अध्यक्ष लॉर्ड नेपियर हे १८६६ पासून १८७२ पर्यंत मद्रासचे गव्हर्नर होते आणि लॉर्ड मेयो यांच्या खुनानंतर कांहीं काळ हिंदुस्थानचे हंगामी व्हाइसरॉय होते. मंडळाची पहिली बैठक मे १८८३ मध्यें ब्रेजलाच भरली. तेथील पहिल्या साक्षीदारानें बोलण्यापूर्वीं एकच मागणी केली: साक्ष दिल्याबद्दल आपणांस जमिनीवरून काढणार नाहीं, असें अभय मिळावें. पुढील अहवालाचें सार या एका मागणींत आलें होतें.

१८८६ सालीं क्रॉफ्टरांचा कायदा झाला. खंड देणाऱ्या कुळास जमिनीवरून काढतां येईना. वाजवी खंड ठरविण्यास स्वतंत्र आयोग आला. जमीन वारसास देतां येऊं लागली. आणि जमीन सोडतांना केलेल्या सुधारणांची भरपाई मिळूं लागली. भूमिहीनांस मात्र या कायद्यानें जमीन दिली नाहीं, ही त्याची मोठी उणीव.

घरें एका रात्रींत पांढरीं झालीं नाहींत. प्रथम गुरें आणि माणसें यांच्यामध्यें भिंत आली, मग खिडकी, मग शेवटच्या भिंतींत शेगडी व धुरांडें. पुढें चुन्यांत बांधलेल्या एकेरी भिंतींचें ‘पांढरें घर’ उभें राहिलें. तें उजेडाचें होतें, परंतु जुन्या घरासारखें उबदार नव्हतें. आर्नोल गांवांतील ४२ क्रमांकाच्या काळ्या घरांत तर १९६६ पर्यंत कुटुंब नांदत होतें. आज तें घर जतन करून ठेवलेलें आहे. मात्र त्या कुटुंबानें जुन्या घरांत राहावें कीं नवें बांधावें, हें ठरविणें आतां त्याच्या हातीं होतें. त्याच्या आजोबा-पणजोबांना जें मिळालें नव्हतें, तें हेंच.