एकच मैदान, दोन अजिंक्यपदं : खो-खोच्या वार्षिक स्पर्धेची गोष्ट

आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. ऐकताना जे सुटलं असेल ते इथे सापडेल.

आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करूया. पाऊस संपला, मैदानं सुकली की आपल्याकडे खो-खोचा हंगाम सुरू होतो. आधी जिल्ह्याची निवड चाचणी, मग राज्य अजिंक्यपद, आणि तिथून निवडलेला संघ राष्ट्रीय स्पर्धेला. या स्पर्धेच्या फलकावर कायम एक ओळ असते : ‘पुरुष व महिला’. आपण ती वाचतो आणि पुढे जातो. पण ही ओळ आली कुठून? बाकीच्या खेळांत ती इतकी सहज दिसते का?

त्यासाठी थोडं मागे जायला हवं.

खो-खो गावोगाव किती वर्षांपासून खेळला जातो, याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. नियमांत बसवायचं काम मात्र विसाव्या शतकातलं. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास नियम बांधायला घेतले, १९२० च्या दशकात बडोद्याच्या मंडळींनी त्यात भर घातली. पुणे आणि बडोदा ही दोन नावं लक्षात ठेवा, पुढे लागतील. तिसरं गाव अमरावती. तिथल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने जर्मनीला गेलं आणि तिथे त्यांनी आपले देशी खेळ करून दाखवले.

आता आपल्या मराठवाड्याकडे या. हे सगळं चाललं होतं तेव्हा आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झालो, १९५६ ला मुंबई राज्यात आलो, १९५८ ला इथे, तेव्हाच्या औरंगाबादेत, विद्यापीठ उभं राहिलं, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. या तारखा पाठ असतील तुम्हाला. पण त्यांच्या शेजारी अजून दोन तारखा ठेवून बघा.

१९५९-६० च्या हंगामात विजयवाड्याला पुरुषांची पहिली राष्ट्रीय खो-खो स्पर्धा झाली. आणि लगेच पुढच्या हंगामात, १९६०-६१ ला, कोल्हापुरात महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा.

म्हणजे अंतर किती? एका वर्षाचं.

हे विशेष का, ते शेजारच्या खेळांकडे पाहिलं की कळतं. कबड्डी घ्या. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५२ ला, महिलांची १९५५ ला. इथवर ठीक. पण आशियाई खेळांत पुरुषांची कबड्डी १९९० ला बीजिंगमध्ये आली आणि महिलांची २०१० ला ग्वांगझूमध्ये. वीस वर्षं! एक अख्खी पिढी खेळून निवृत्त झाली. क्रिकेटचं तर विचारूच नका. महिलांची संघटना वेगळी, पैसा वेगळा, आणि ती संघटना बीसीसीआयमध्ये विलीन झाली २००६ साली.

मग खो-खोत एका वर्षात कसं जमलं? माझ्या मते याचं उत्तर मोठ्या विचारांपेक्षा खर्चाच्या वहीत जास्त आहे. खो-खोला लागतं काय? सपाट जमीन, दोन खांब, चुना, घड्याळ आणि शिट्टी. बॅट नाही, पॅड नाही, जाळं नाही. एकदा मैदान आखलं की त्याच मैदानावर सकाळी मुलींचा सामना होतो आणि त्यानंतर मुलांचा. पंच तेच, गुणलेखक तेच, मांडवातला चहाही तोच. वेगळी स्पर्धा भरवायची म्हटली तर उलट खर्च वाढतो. गरिबीतल्या खेळाला एकत्र राहणंच परवडतं.

दुसरं कारण शाळा. हा खेळ शाळेच्या पटांगणात वाढला. पीटीच्या तासाला मुलीही खेळत होत्या. स्पर्धेने त्यांना फक्त शाळेच्या फाटकाबाहेर आणलं. हे ‘फक्त’ सोपं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको. साठच्या दशकात मुलीने चार दिवस परगावी सामने खेळायला जायचं, म्हणजे घरी किती जणांची परवानगी लागत असेल!

आता अर्जुन पुरस्कारांची यादी बघा. खो-खोतला पहिला अर्जुन १९७० चा, सुधीर परब यांना. दुसरा १९७१ चा, अचला देवरे यांना. पुन्हा तेच, एका वर्षाचं अंतर. आणि गंमत म्हणजे दोघंही गुजरातचे. आडनावं मराठी, राज्य गुजरात. मघाशी म्हटलं होतं ना, बडोदा लक्षात ठेवा? गायकवाडांच्या बडोद्यातली मराठी वस्ती आणि तिथले आखाडे-जिमखाने, त्याचं हे पीक. पुढे १९७५ ला श्रीरंग इनामदार आणि उषा नगरकर, दोघंही महाराष्ट्राचे, एकाच वर्षी अर्जुन ठरले. राष्ट्रीय स्पर्धेतल्या सर्वोत्कृष्ट खेळाडूंसाठीही दोन पुरस्कार आहेत : पुरुषांना एकलव्य, महिलांना राणी लक्ष्मीबाई.

इथे गोष्ट संपवली तर ती फार गोड होईल. पण तशी ती नाही.

१९९८ चा अर्जुन पुरस्कार शोभा नारायण यांना मिळाला, आणि त्यानंतर खो-खोला बावीस वर्षं एकही अर्जुन नाही. बावीस! या काळात दरवर्षी स्पर्धा होत होत्या. पोरं-पोरी सूर मारून गुडघे फोडून घेत होती. वर्तमानपत्राच्या खेळाच्या पानावर तळाशी चार ओळी यायच्या : अमुक संघाचा एक डावाने विजय, सामना अलाहिदा डावात गेला, लघुत्तम आक्रमणावर निकाल. ज्यांना या शब्दांचा अर्थ कळत होता, तेवढेच वाचत होते.

ही बावीस वर्षांची कोंडी कुणी फोडली? मराठवाड्याच्या मुलीने. धाराशिवची सारिका काळे. तिच्या नेतृत्वाखाली २०१६ ला गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारतीय महिलांनी सुवर्ण जिंकलं, आणि २०२० ला तिला अर्जुन मिळाला. घरची परिस्थिती अगदी बेताची. कुठली मोठी अकादमी नाही, लीग नाही. तिच्यासारख्या मुलीकडे होतं काय? गावातलं मैदान, आणि ही दरवर्षी न चुकता येणारी स्पर्धा. जिल्हा, राज्य, राष्ट्रीय. या वर्षी हुकलं तर पुढच्या वर्षी परत. वार्षिक स्पर्धेचं मोल चषकात नसतं, ते या ‘परत’मध्ये असतं. शिवाय सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण याच स्पर्धांच्या प्रमाणपत्रांवर मिळतं. प्रमाणपत्राचा तो कागद घरच्यांना पटतो. मुलीला अजून एक वर्ष खेळू देण्याचं कारण त्यांना त्यात दिसतं.

आणि मग आला पैसा. २०२२ ला पुण्यात बालेवाडीला अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली. मातीच्या जागी मॅट, सहा संघ, टीव्ही, कुठल्याही दिशेला पळू शकणारा ‘वझीर’. अंतिम सामन्यात ओडिशाने तेलुगू योद्धाजना ४६-४५ असं हरवलं. काय सामना होता! पण संघ सगळे पुरुषांचे. बघा हं, ज्या खेळाने पैसा नसताना एका वर्षात महिलांना मैदानावर आणलं, त्याच खेळात पैसा आला तेव्हा महिलांना ‘थांबा’ म्हटलं गेलं.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, तेव्हा जुनी ओळ परत आली : ‘पुरुष व महिला’. एकाच सभागृहात, एकाच आठवड्यात. १९ जानेवारीला दोन्ही अंतिम सामने नेपाळविरुद्ध. प्रियंका इंगळेच्या संघाने ७८-४० असा विजय मिळवला, प्रतीक वाईकरच्या संघाने ५४-३६ असा. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे.

त्या रात्री अनेकांना वाटलं, हे काहीतरी नवीन घडतंय. मला मात्र कोल्हापूरचा १९६०-६१ चा हंगाम आठवत होता, म्हणजे वाचून माहीत असलेला. पासष्ट वर्षं मांडवात बसून चुन्याच्या रेषा आखणाऱ्यांनी जी सवय लावली, तीच दिल्लीत मोठ्या दिव्यांखाली दिसली.

तर मंडळी, या हंगामात तुमच्या जिल्ह्याची निवड चाचणी लागली की तासभर जाऊन या. तिकीट नसतं. मुलींचा सामना आधी असेल, तर त्याच वेळेला पोहोचा.

भेटूया पुढच्या भागात.