उपवासाच्या ताटातले पाहुणे

आषाढी एकादशीची सकाळ डोळ्यांपुढे आणा. आंघोळी आटोपल्या आहेत, देवाला तुळस वाहून झाली आहे आणि स्वयंपाकघरातून तुपात जिरे-मिरची तडतडल्याचा वास येतो आहे. ज्या पोरांना उपवास म्हणजे काय हे ठाऊकही नाही, तीसुद्धा "आम्हालाही उपवास आहे" म्हणत सर्वांच्या आधी पाटावर येऊन बसतात. ताटात काय काय आहे? साबुदाण्याची खिचडी, वरईचा भात, त्यावर दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, रताळ्याचे गोड काप आणि एखादा राजगिऱ्याचा लाडू. तुम्ही विदर्भातले असाल तर खिचडीला उसळ म्हणाल, मराठवाड्यातले किंवा खानदेशातले असाल तर वरईला भगर म्हणाल. पण ताट ओळखीचेच.

आता एक प्रश्न विचारतो. इ. स. १४९० सालची आषाढी धरा. वारकरी तेव्हाही पंढरीला जात होते. ज्ञानदेवांना जाऊन दोनशे वर्षे होत आली होती. त्या साली एखाद्या वारकऱ्याच्या घरी एकादशीच्या ताटात वर सांगितलेल्यांपैकी काय असेल?

उत्तर ऐकून तुम्हांला थोडा धक्का बसेल. वरई असेल. तूप आणि जिरे असेल. बाकीचे काहीएक नसेल. मिरची नाही, भुईमूग नाही, बटाटा नाही, रताळे नाही, साबुदाणा तर नाहीच. एवढेच काय, ज्याचे दाणे भाजून आपण लाडू वळतो, तो राजगिराही नसेल. हे सगळे पाहुणे आहेत, आणि सगळे एकाच दिशेचे, म्हणजे अमेरिका खंडाकडचे.

कोलंबस १४९२ साली अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला, वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला आणि १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. अवघ्या अठरा वर्षांत या तीन गोष्टी घडल्या. पोर्तुगीजांचा अंमल ब्राझीलमध्येही होता आणि गोव्यातही. त्यांच्या गलबतांतून माणसे आणि माल जसा आला तशी रोपे नि बियाही आल्या. आपल्या तोंडी बसलेले शब्दच याची साक्ष देतात. पाव, काजू, अननस, बटाटा हे सारे शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आले.

मिरचीचे उदाहरण घ्या. तिचे मूळ रान मेक्सिकोकडचे. इथे येण्यापूर्वी आपल्याकडे तिखट नव्हते असे मात्र समजू नका. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या भोजनाचे मोठे प्रकरण आहे. मांडे आहेत, वडे आहेत, उडदाच्या पिठाची इडरिका आहे, मांसाचे आणि माशांचे नाना प्रकार आहेत. मसाल्यात मिरी आहे, हिंग आहे, आले आहे. मिरची कुठेच नाही. तिखटपणाचे काम मिरी, सुंठ आणि पिंपळी करीत. पुढे ही नवी शेंग आली तेव्हा लोकांनी तिला जुन्या मिरीचेच नाव थोडे फिरवून दिले. मिरी महाग, मलबारातून यायची. मिरची परसात, उकिरड्याच्या कडेलाही उगवायची. गरिबाच्या भाकरीला तिखटाची सोबत दिली ती मिरचीने. ठेचा हा आपल्या मातीतला पदार्थ खरा, पण त्यातला ऐवज साता समुद्रांपलीकडचा.

नावांची गंमत तर पुढेच आहे. रताळे हा शब्द संस्कृतातल्या 'रक्तालु' पासून आला. हे नाव आधी एका तांबड्या रानकंदाचे होते. अमेरिकेतून गोड कंद आला आणि हे जुने नाव त्याला चिकटले. उलट 'बटाटा' म्हणजे 'बटाटा' हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या लोकांचा, आणि त्यांच्या भाषेत तो रताळ्याचे नाव होता! खरा बटाटा दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतातला. युरोपात त्याच्यावर रताळ्याचे नाव पडले आणि तेच नाव घेऊन तो आपल्याकडे आला. म्हणजे रताळ्याने दुसऱ्याचे नाव घेतले आणि स्वतःचे बटाट्याला दिले. शिक्षक मंडळींनी हे वर्गात जरूर सांगावे, मुले विसरणार नाहीत.

भुईमूग दक्षिण अमेरिकेतला. पेरू देशातल्या प्राचीन दफनांत त्याच्या शेंगा सापडल्या आहेत. मूग आपल्या ओळखीचा, हा भुईच्या पोटात धरणारा मूग, म्हणून भुईमूग. नाव ठेवणारा माणूस शेतकरीच असणार, पंडित नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिणेकडचा भुईमूग पाँडिचेरी बंदरातून फ्रान्समध्ये मार्सेल्सच्या तेल-साबणाच्या गिरण्यांना जाऊ लागला आणि हे पीक पैशाचे झाले. आज दाण्याच्या कुटाशिवाय मराठी बाईचा हात चालत नाही. भाजी पातळ झाली, घाला कूट. तिखट झाली, घाला कूट.

आणि साबुदाणा? त्याची हकीकत थोडी लांब आहे, पण सांगण्यासारखी आहे. मलायाकडे सागू नावाचे एक ताडासारखे झाड असते. ते पाडून, त्याच्या खोडातला गर कुटून, धुऊन सत्त्व काढतात. त्या सत्त्वाचे दाणे ते 'सागू'चे दाणे, म्हणजेच आपला साबुदाणा. सिंगापूर-मलायाकडून तो जहाजाने येई आणि मुख्यतः आजाऱ्याला पेज म्हणून दिला जाई. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या फेब्रुवारीत, सिंगापूर जपान्यांच्या हाती पडले. ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला, तसा हा मालही बंद झाला. तेव्हा १९४३ च्या सुमारास मद्रास इलाख्यात सेलमकडे लोकांनी कसाव्याच्या कंदापासून तसाच दाणा करायला सुरुवात केली. कसावाही ब्राझीलकडचाच. त्रावणकोरात महाराज विशाखम् तिरुनाळ यांनी १८८० ते १८८५ या आपल्या कारकिर्दीत त्याच्या लागवडीला उत्तेजन दिले होते, कारण भात पिकला नाही तरी गरिबाच्या पोटाला आधार व्हावा. तर तो दुष्काळातला कंद सोलून, किसून, धुवायचा. पाणी हौदात निवळू द्यायचे. खाली बसलेले सत्त्व कापडाच्या झोळीत घालून झुलवायचे, म्हणजे त्याच्या गोळ्या होतात. त्या चाळून तापल्या तव्यावर भाजायच्या आणि उन्हात वाळवायच्या. आजही देशातला बहुतेक साबुदाणा सेलमच्या आसपासच होतो. नाव झाडाचे राहिले, दाणा कंदाचा झाला, आणि आपण म्हणतो, "आमच्याकडे पूर्वापार चालत आलंय!"

भाजताना दाण्याचे वरचे कवच अर्धवट शिजते. म्हणूनच खिचडीसाठी साबुदाणा भिजवण्यात सारे कसब आहे. दोनदा हलक्या हाताने धुवावा, पाणी काढून टाकावे आणि दाणा जेमतेम बुडेल इतकेच पाणी ठेवून रात्रभर झाकून ठेवावा. सकाळी दाणा बोटांत दाबला की दबला पाहिजे, पण भांड्यात सुटा राहिला पाहिजे. जाडसर कूट, मीठ, चवीपुरती साखर त्याला आधीच चोळून ठेवावी. तुपात जिरे, मिरचीचे तुकडे, बटाट्याच्या फोडी शिजल्या की साबुदाणा घालून एक वाफ आणावी. फार ढवळले की गोळा झालाच म्हणून समजा. वरून ओले खोबरे घालावे, आणि कोथिंबीर...

इथेच भांडण सुरू होते. काही घरांत उपवासाला कोथिंबीर चालते, काहींत चालत नाही. कुठे जिरे वर्ज्य, कुठे समुद्राचे मीठ वर्ज्य आणि सैंधव चालते. कुठे हिरवी मिरची चालते पण लाल तिखट नाही. एका घरात भेंडी उपवासाची असते आणि पलीकडच्या आळीत ती पाप असते. नव्या सुनेने सासरी पहिल्या एकादशीला खिचडीत कोथिंबीर घातली म्हणून तिला चारचौघांत बोलून घ्यावे लागल्याच्या गोष्टी तुम्हीही ऐकल्या असतील. त्या मुलीच्या डोळ्यांतून पाणी आले ते ज्या नियमापायी, तो नियम साबुदाण्याला, बटाट्याला आणि मिरचीला मात्र आडवा आला नाही. हे मला नेहमी विचार करायला लावते.

का आडवा आला नाही? याचे माझे उत्तर असे. जुना नियम धान्य टाळण्याचा आहे. एकादशीला अन्न, म्हणजे शेतात नांगरून पिकवलेले धान्य, खायचे नाही. कंद, मुळे, फळे, दूध आणि रानचे तृणधान्य चालते. ऋषिपंचमीला तर आपल्या बायका अजूनही बैलाच्या श्रमाचे खात नाहीत. जी नवी रोपे आली त्यांची नावे जुन्या निषेधाच्या यादीत असण्याचे कारणच नव्हते. बटाटा कंद, रताळे कंद, कसावा कंद. शेंगदाणा मातीतून निघतो. ती सारी मागच्या दाराने आत आली आणि पाटावर बसली. ऋषीच्या भाजीत मक्याचे कणीस नि तांबडा भोपळा आपण श्रद्धेने घालतो, तेही अमेरिकेचेच!

राजगिऱ्याची कथा याहून नवलाची. मेक्सिकोत ॲझ्टेक लोकांचे हे मोठे धान्य होते. त्यांच्या राजाला ते कराच्या रूपाने भरले जाई. सणाला त्याचे पीठ गोडाशी मळून देवांच्या मूर्ती करीत आणि नंतर त्या प्रसाद म्हणून वाटून खात. स्पॅनिश पाद्र्यांना हे आपल्या धर्मविधीची विटंबना वाटले आणि त्यांनी त्याच्यावर बंदी आणली. तिकडे पीक मागे पडले. इकडे हिमालयापासून गुजरातपर्यंत ते रुजले आणि देवाच्याच दिवशी खाल्ले जाऊ लागले. मेक्सिकोत आजही राजगिऱ्याच्या लाह्या मधात घालून वडी करतात. 'अलेग्रिया', म्हणजे आनंद, असे तिचे नाव. आपल्या चिक्कीची ती सख्खी बहीण.

आमच्या आजीला यांतले काही पटत नसे. ती एकादशीला बटाटा खात नसे. "तो विलायती" म्हणायची. रताळे मात्र चालायचे. मी नुकता एम. ए. झालो होतो, अंगात पुस्तके होती. मी सांगितले, "आजी, रताळंही परदेशीच आहे." तिने विचारले, "किती वर्षं झाली त्याला येऊन?" म्हटलं, "चारशेच्या वर." "मग रे! मला या घरात येऊन साठ वर्षं झाली. मी परकी का?" मी गप्प बसलो. पुढच्या एकादशीला तिने रताळ्याचे काप केले. बटाटा तिने तरीही खाल्ला नाहीच.

शेवटी राहिली वरई, ताटातली एकटी घरची. इगतपुरी, त्र्यंबक, अकोले या बाजूंच्या डोंगरउतारावर महादेव कोळी, ठाकर ही मंडळी राब भाजून तिची रोपे करतात आणि पावसात लावतात. वरकस जमिनीवर एक साल नागली, पुढे वरई, मग खुरासणी आणि नंतर जमीन पडीक, अशी त्यांची जुनी पाळी. त्यांच्या घरी वरई हा रोजचा भात होता. त्यात उपवास-बिपवास काही नव्हते. मात्र वरईचा दाणा बारीक नि टरफल चिवट, बायकांचे हात कांडून कांडून सोलून निघत. रेशनचा तांदूळ आला तसे हे पीक डोंगरावरून उतरू लागले. २०२३ हे साल जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे झाले, तेव्हा शहरांतल्या दुकानांत तिच्या पुड्या झळकल्या.

तुमच्या गावात सत्तरी ओलांडलेली एखादी बाई असेल. येत्या एकादशीला तिच्यापाशी बसा आणि विचारा, साबुदाणा घरात यायच्या आधी तुम्ही उपवासाला काय करत होता? शिंगाड्याची लापशी, सुरणाची भाजी, ताकातली वरई, कुठली रानातली कंदे, ती कशी उकडायची आणि घसा खवखवू नये म्हणून त्यात चिंच किती घालायची, हे तिला पाठ असते. लिहून घ्या. लिहिताना तिचे माप 'मूठभर' असेल तर मूठभरच लिहा. आणि जमले तर तिच्या समोर एकदा करून पाहा, म्हणजे मूठ केवढी ते कळेल.